कोल्ट्रेन आडनाव आणि हातात सॅक्सोफोन : रवी कोल्ट्रेनच्या कारकिर्दीचा अभ्यास

जॅझ ऐकणाऱ्या कुणापुढेही ‘कोल्ट्रेन’ आणि ‘टेनर सॅक्सोफोन’ हे दोन शब्द एकत्र उच्चारले की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो, जॉन. १९६७ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. पुढे त्याच्या मुलाने तेच वाद्य उचललं, आडनाव तेच ठेवलं आणि त्याच न्यू यॉर्कमध्ये जॅझ वाजवून पोट भरायचं ठरवलं. धंद्याच्या हिशेबाने पाहिलं तर इतका अवघड निर्णय दुसरा नसेल. पहिल्या सुरापासून तुलना होणार, चांगलं वाजवलं तर ‘रक्तातच आहे’ म्हणणार आणि कमी पडला तर ‘बापाची सर नाही’ म्हणणार. अशा परिस्थितीत रवी कोल्ट्रेनने तीस-पस्तीस वर्षं सन्मानाने, स्वतःच्या आवाजात काम केलं. ते कसं जमलं, हे इथे जरा तपशिलाने पाहायचं आहे.

माझं मत आधीच सांगतो. या प्रकरणात सगळ्यांची नजर वडिलांवर खिळते, पण रवीचे मोठे निर्णय उलगडतात ते आईकडे पाहिल्यावर. ॲलिस कोल्ट्रेन बाजूला ठेवली तर त्याची कारकीर्द नुसती एका मोठ्या नावाशी झालेली झुंज वाटते.

घर

रवीचा जन्म ६ ऑगस्ट १९६५चा, न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. तिथल्या डिक्स हिल्समध्ये जॉनने १९६४ साली एक विटांचं घर घेतलं होतं. ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची रचना त्याने याच घरात बसून बांधली आणि ९ डिसेंबर १९६४ला ध्वनिमुद्रित केली. मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव पंडित रविशंकरांवरून ठेवलं. जॉनला भारतीय संगीताची ओढ बरीच आधीची होती. १९६१च्या नोव्हेंबरात व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये त्याने वाजवलेल्या एका रचनेचं नावच ‘इंडिया’ आहे. पुढे त्याची आणि पंडितजींची भेट झाली, रागसंगीताबद्दल तो त्यांच्याकडून शिकू लागला, आणि जास्त काळ त्यांच्याजवळ राहून शिकायचा बेतही होता. १७ जुलै १९६७ला यकृताच्या कर्करोगाने तो गेला आणि बेत तसाच राहिला. रवीला तेव्हा दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

हे वय फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे घराणं म्हटलं की डोळ्यांपुढे समोरासमोरची तालीम येते. किशोरीताई मोगूबाईंसमोर बसून शिकल्या. चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त होत होतं. रवीला वडिलांकडून असं काहीच मिळालं नाही. जॉन कोल्ट्रेन त्याला भेटला तो तुम्हा-आम्हाला भेटतो तसाच, तबकड्यांमधून. लोक मात्र तो थेट शागीर्द असल्यासारखीच अपेक्षा ठेवून बसले.

समोर होती ती आई. ॲलिस मॅक्लाउड डेट्रॉइटची. चर्चमध्ये पियानो-ऑर्गन वाजवत मोठी झाली, मग बीबॉप या वेगवान जॅझशैलीकडे वळली, पॅरिसला जाऊन पियानोवादक बड पॉवेलकडून शिकली. व्हायब्रफोनवादक टेरी गिब्जच्या बँडमध्ये पियानो वाजवत असताना, १९६३ साली, तिची जॉनशी ओळख झाली. मॅकॉय टायनर बाहेर पडल्यावर १९६६ मध्ये जॉनच्या बँडचा पियानो तिच्याकडे आला. अनेक श्रोत्यांनी आणि समीक्षकांनी तिला मनापासून स्वीकारलं नाही, आणि हा अन्याय पुढे कितीतरी वर्षं चालला. जॉन गेला तेव्हा ती तिशीलाही पोचली नव्हती आणि पदरात चार मुलं होती. जॉनने मागवलेला हार्प तो गेल्यानंतर घरी आला. ॲलिस त्यावर बसली आणि पुढच्या काही वर्षांत जॅझमध्ये कुणी फारसं ऐकलं नव्हतं असं संगीत तिने रचलं. १९७१चा ‘जर्नी इन सच्चिदानंद’ हा अल्बम आज जगभरची तरुण मुलं ऐकतात. तानपुऱ्याच्या नादावर हार्प आणि फॅरो सँडर्सचा सोप्रानो सॅक्सोफोन, हा मेळ आपल्या कानाला तर लगेच आपला वाटतो.

मग कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ॲलिस व्यावसायिक संगीतातून जवळजवळ बाहेर पडली. तिने संन्यास घेतला, तुरीयासंगीतानंद हे नाव धारण केलं, आणि १९८३ साली लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरात आश्रम उभारला. तिथे दर आठवड्याला भजन होई आणि ऑर्गनवर ती स्वतः बसे. एका चालू, यशस्वी कारकिर्दीतून ही बाई स्वतःच्या मर्जीने उठून गेली, आणि वाजवणं मात्र एक दिवसही सोडलं नाही. संगीत आणि संगीताची बाजारपेठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिचा मुलगा लहानपणापासून घरात बघत होता. मला वाटतं, रवीच्या पुढच्या संथ चालीचं मूळ इथे आहे.

उशीर

शाळेत रवी क्लॅरिनेट वाजवायचा. घरात आईचा पियानो, स्ट्राविन्स्कीच्या तबकड्या. बाहेर सत्तरच्या दशकातलं सोल आणि आर अँड बी, स्टीव्ही वंडर, अर्थ विंड अँड फायर. जॅझकडे त्याला कुणी ढकललं नाही. मग १९८२ साली थोरला भाऊ जॉन ज्युनियर मोटार अपघातात गेला.  त्या धक्क्यानंतर काही वर्षं रवी संगीतापासून दूरच राहिला.

या मधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण तो होता हे लक्षात ठेवायला हवं. जॅझमध्ये विशीच्या आत नाव काढणारे वादक ढिगाने सापडतात. हा मुलगा एकविसाव्या वर्षी, १९८६ मध्ये, कॅलआर्ट्स या कलाशाळेत दाखल झाला आणि तेव्हा कुठे सॅक्सोफोनचा गांभीर्याने अभ्यास सुरू झाला. तिथे शिकवायला होता बासवादक चार्ली हेडन. हेडनने १९६० साली जॉनबरोबर ध्वनिमुद्रण केलं होतं आणि पुढे ॲलिसबरोबरही वाजवलं होतं. आई-बाप दोघांनाही मंचावरून ओळखणारा माणूस शिक्षक म्हणून मिळणं ही आडनावाची पुण्याई म्हणायला हरकत नाही.

साथीदाराची नोकरी

शिक्षण संपलं आणि १९९१च्या सुमारास एल्व्हिन जोन्सने त्याला आपल्या ‘जॅझ मशीन’ या बँडमध्ये घेतलं. एल्व्हिन म्हणजे जॉनच्या अभिजात चौकडीचा ड्रमर. टायनर, गॅरिसन, जोन्स आणि जॉन. ‘अ लव्ह सुप्रीम’ याच चौघांचं. १९६६च्या सुरुवातीला, रवी काही महिन्यांचा असताना, एल्व्हिन त्या बँडमधून बाहेर पडला होता.

ही नोकरी नाव बघूनच मिळाली, असं म्हणणारे तेव्हाही होते. नावाचा वाटा असणारच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दारातून आत आल्यावर काय होतं ते ऐकावं. जून १९९१ मध्ये जर्मनीत झालेल्या या बँडच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. रवीच्या शेजारी सॅक्सोफोनवादक सनी फॉर्च्युन उभा आहे, अनुभवी, भरदार, आणि एल्व्हिनच्या प्रत्येक लाटेवर स्वार होणारा. रवी जपून वाजवतो. वाक्यं आखूड आहेत, मधे जागा सोडतो, कधी कधी चाचपडतोही. त्या ड्रम्ससमोर चाचपडणं म्हणजे काय हे ज्याने एल्व्हिन ऐकला आहे त्याला कळेल. तो ताल तीन-चार अंगांनी एकदम फिरवतो आणि सम कुठे आहे ते वादकाने स्वतः शोधायचं असतं. वडिलांकडून न मिळालेली तालीम रवीला इथे मिळाली. वडिलांच्या तबकड्यांमधला ड्रमर रोज रात्री मागे बसलेला असताना मिळाली.

इथेच त्याने पहिला शहाणा निर्णय घेतला. एल्व्हिनच्या बँडमधून सुटल्यावर ‘जॉन कोल्ट्रेनचा मुलगा’ म्हणून एखादा अल्बम काढणं सहज शक्य होतं. नव्वदच्या दशकात अमेरिकन रेकॉर्ड कंपन्या तरुण जॅझवादकांवर पैसे लावत होत्या आणि हे नाव तर हातोहात खपलं असतं. रवीने आणखी कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या बँडमध्ये साथ केली. जेरी ॲलन, वॉलस रोनी, रशीद अली यांच्याबरोबर वाजवलं. ड्रमर गेरी गिब्जबरोबर वाजवलं. हा गेरी म्हणजे ज्या टेरी गिब्जच्या बँडमध्ये ॲलिस पियानो वाजवत होती त्याचा मुलगा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमनबरोबर वाजवलं.

कोलमनचं नाव मी मुद्दाम वेगळं काढतो. त्याच्या संगीतात विषम मात्रांची चक्रं एकमेकांत गुंफलेली असतात, आणि जॉनच्या शैलीची नक्कल करून तिथे निभाव लागत नाही. जॉनच्या छायेतून बाहेर पडायचा रस्ता रवीला या तालाच्या बाजूने सापडला असं मला वाटतं. वडिलांच्या वादनाचा जोर होता सुरांच्या थरांवर, उसळीवर, एकच कल्पना पिळून काढण्यावर. रवीचं वादन वाकड्या रस्त्याने जातं. तो वाक्य अपेक्षित जागेच्या अलीकडे तोडतो, विचार अर्ध्यात सोडतो आणि बरंच पुढे जाऊन उचलतो. स्वरही मवाळ, थोडा धुरकट. डोळे मिटून ऐकलं तर बाप आठवतो तो क्वचित, आणि ते काम नव्वदच्या दशकातल्या साथीदारकीत झालेलं आहे.

सहा अल्बम

‘मूव्हिंग पिक्चर्स’ हा पहिला अल्बम १९९८ साली निघाला. रवी बत्तीस पूर्ण करून गेला होता. निर्माता स्टीव्ह कोलमन. त्यानंतर २००० मध्ये ‘फ्रॉम द राउंड बॉक्स’. या दोन्ही अल्बमांत वडिलांची एकही रचना नाही. पहिल्यात मॅकॉय टायनरची ‘सर्च फॉर पीस’ आहे, म्हणजे घराच्या अगदी शेजारपर्यंत येऊन तो वळतो. २००३च्या ‘मॅड ६’ मध्ये मात्र जॉनच्या दोन रचना आल्या, ‘ट्वेंटी सिक्स टू’ आणि ‘फिफ्थ हाउस’.

निवड बघण्यासारखी आहे. जॉनने गाजवलेली ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ किंवा ‘नाइमा’ वाजवली असती तर टाळ्या ठरलेल्या होत्या. ‘ट्वेंटी सिक्स टू’ ही जॉनने १९६० मध्ये ध्वनिमुद्रित केलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली रचना. चार्ली पार्करच्या एका धुनेखालचे स्वरमेळ काढून तिथे त्याने आपले झपाट्याने बदलणारे स्वरमेळ बसवले. ती भक्तिभावाने वाजवण्याची चीज नाही. ते कोडं आहे, आणि वादक त्यात वादक म्हणूनच शिरतो. वडिलांकडे जायला रवीने हा कसबाचा दरवाजा निवडला, याचा मला फार आदर वाटतो.

२००५चा ‘इन फ्लक्स’ आणि २००९चा ‘ब्लेंडिंग टाइम्स’ त्याच्या स्थिर चौकडीचे : पियानोवर लुइस पेर्दोमो, बासवर ड्रू ग्रेस, ड्रम्सवर ई. जे. स्ट्रिकलंड. दरम्यान २००२ मध्ये त्याने स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनीही काढली आणि पेर्दोमोसारख्या सोबत्यांचे अल्बम तिथून आणले. २०१२चा ‘स्पिरिट फिक्शन’ ब्लू नोट कंपनीकडून आला. याच कंपनीसाठी १९५७ साली जॉनने ‘ब्लू ट्रेन’ केला होता. ‘स्पिरिट फिक्शन’चे काही तुकडे रवीने चौकडीचे दोन-दोनचे भाग पाडून, वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून, मग एकावर एक ठेवून बनवले. प्रयोग सगळीकडे सारखा जमलेला नाही. पण चाळिशी ओलांडलेला माणूस, हमखास चालणारा बँड हाताशी असताना, तो मुद्दाम दुभागून बघतो यात मला त्याची खरी जात दिसते.

चौदा वर्षांत सहा अल्बम, ही गती अनेकांना कमी वाटते. वडिलांनी साधारण दहा वर्षांच्या नेतृत्वात रचलेला डोंगर समोर असताना तर जास्तच. मला ही तुलना मान्य नाही, कारण याच वर्षांत रवी दुसरं एक काम करत होता आणि ते काम कुठल्याही याद्यांत त्याच्या नावावर मोजलं जात नाही.

आईला परत आणणं

ॲलिसने शेवटचा व्यावसायिक अल्बम १९७८ साली दिला होता. रवीने तिला पुन्हा स्टुडिओत यायला राजी केलं. चार्ली हेडन, ड्रमर जॅक डिजॉनेट आणि जेफ ‘टेन’ वॉट्स हे वादक जमवले, धाकटा भाऊ ओरान आणि तो स्वतः सॅक्सोफोनवर. निर्माता रवी. वेगवेगळ्या बैठकींत होत होत २००४ मध्ये ‘ट्रान्सलिनिअर लाइट’ आला. त्यात जॉनच्या रचना आहेत, ॲलिसच्या आहेत आणि आश्रमातली भजनंही आहेत.

निर्माता म्हणून मुलगा आईला काय सांगणार? अल्बम ऐकताना जाणवतं की त्याने जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. ऑर्गनचा कर्कश, थरथरता सूर त्याने गुळगुळीत होऊ दिलेला नाही, आणि स्वतःच्या सॅक्सोफोनला पुढे रेटलेलं नाही. त्याच्याच अल्बमांपेक्षा इथे तो मला अधिक मोकळा वाटतो. २००६च्या शरदात ॲलिसने अमेरिकेत काही मोजक्या मैफली केल्या. ४ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत तिच्याबरोबर रवी, हेडन आणि ड्रम्सवर रॉय हेन्स होता. १२ जानेवारी २००७ला ती गेली.

दुसऱ्याच दिवशी, १३ जानेवारीला, मायकल ब्रेकर हा थोर टेनरवादक गेला. डेव्ह लीबमन आणि जो लोव्हानो यांच्याबरोबरच्या ‘सॅक्सोफोन समिट’ या बँडमधली त्याची जागा पुढे रवीने घेतली. जॉनच्या अखेरच्या काळातल्या संगीतावर मनापासून प्रेम करणारा हा बँड होता. आई गेल्यानंतरच्या त्या काळात रवी वडिलांच्या सर्वांत अवघड संगीतासमोर उभा राहिला, तोही दोन ज्येष्ठ टेनरवादकांच्या मधोमध. ‘ब्लेंडिंग टाइम्स’च्या अखेरीस हेडनची ‘फॉर तुरीया’ आहे. हेडन स्वतः बासवर आणि हार्पवर तेव्हा फारशी माहीत नसलेली ब्रँडी यंगर. आज हार्पला जॅझमध्ये पुन्हा जागा मिळवून देणाऱ्यांत तिचं नाव आघाडीवर आहे, आणि रवीने तिला इतक्या आधी बोलावलं होतं हे विसरता कामा नये.

नावाचा प्रवास एकदा भारतातही आला. जानेवारी २००५ मध्ये एचआयव्ही-एड्सबद्दलच्या जागृतीसाठी अमेरिकन कलावंतांचा एक गट इकडे आला होता. अल जेरो, जॉर्ज ड्यूक, अर्ल क्लू यांच्याबरोबर त्यात रवीही होता.

मुलंच मुलं

२०१६चा ‘इन मूव्हमेंट’ हा अल्बम या सगळ्या प्रकरणाचा कळस मानावा असं मला वाटतं, आणि त्यावर पहिलं नाव रवीचं नाही, जॅक डिजॉनेटचं आहे. साठच्या दशकात शिकागोत जॅकने तरुणपणी जॉनबरोबर वाजवलं होतं. इथे त्याच्यासोबत दोन मुलं आहेत : जॉनचा रवी आणि चौकडीतल्या जिमी गॅरिसनचा मुलगा मॅथ्यू, इलेक्ट्रिक बासवर. अल्बमची सुरुवात ‘अलाबामा’ने होते. १५ सप्टेंबर १९६३ला बर्मिंगहॅममधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला आणि चार मुली मेल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी जॉनने ही रचना ध्वनिमुद्रित केली.

आता मात्र रवी आडवाटेने जात नाही. सूर सरळ मांडतो, थोडे, लांब. मागे इलेक्ट्रॉनिक नादाचा पडदा आणि झांजांची सळसळ. पन्नाशीत आलेला मुलगा बापाची सर्वांत दुःखी धून वाजवतो आहे आणि तुलनेचा प्रश्न मनात येतच नाही. १९९८ मध्ये हीच रचना त्याने वाजवली असती तर तो प्रश्न आलाच असता.

कपाटातल्या टेप

मागे राहिलेलं संगीत सांभाळायचं कामही रवीकडे आलं. डिक्स हिल्सचं ते घर पाडलं जाणार होतं. स्थानिक लोकांनी आवाज उठवला, ते वाचलं, आणि पुढे अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदणीत गेलं. ते स्मारक म्हणून उभं करण्याच्या खटपटीत कुटुंब आहे. ६ मार्च १९६३चं, मूळ टेप हरवलेलं एक ध्वनिमुद्रण जॉनच्या पहिल्या पत्नीच्या घरच्यांकडे सापडलं. २०१८ मध्ये ते ‘बोथ डिरेक्शन्स ॲट वन्स’ म्हणून आलं तेव्हा निर्मितीत रवी होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या वणव्यात आईच्या आश्रमाची वास्तू जळाली.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो २०२१ मधला निर्णय. ॲलिसने १९८२ साली भक्तांसाठी एक कॅसेट काढली होती, ‘तुरीया सिंग्ज’. त्यात ती पहिल्यांदा गायली : ‘जगदीश्वर’, ‘यमुना तीर विहारी’, ‘गोविंद हरी’. शब्द आपल्या ओळखीचे. चाली डेट्रॉइटच्या चर्चमधल्या, विलंबित, खर्जातल्या. कॅसेटवर तिने व्हायोलिनांचा ताफा आणि सिंथेसायझरही चढवले होते. २००४च्या सुमारास रवीला त्याच गाण्यांची अशी मिश्रणं मिळाली ज्यांत फक्त तिचा गळा आणि ऑर्गन होता. पुनःप्रकाशनाची वेळ आली तेव्हा त्याने हे साधं रूप निवडलं आणि ‘कीर्तन : तुरीया सिंग्ज’ या नावाने ते बाहेर आलं.

यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा. वाद्यमेळ तिने स्वतः घातला होता, ते तिचं पूर्ण केलेलं काम होतं. मुलाने त्यातली वाद्यं उतरवायची का? मूळ कॅसेटवर जीव असलेल्या श्रोत्यांची ही हरकत मला रास्त वाटते. तरी मी रवीच्या बाजूचा आहे. आश्रमात आई ही भजनं जशी गायची तशी ती त्याने ऐकलेली होती, त्या कॅसेटच्या श्रोत्यांपैकी बहुतेकांनी ती तशी ऐकली नव्हती. ‘जय रामचंद्र’ लावा आणि ऑर्गनच्या पट्ट्यांखाली तिचा श्वास कुठे घेतला जातो ते ऐका. व्हायोलिनांखाली तो झाकला जात होता.